खुंटीवरची मावशी

आमच्या मास्तरांना पोहता येतं की नाही, यावर गाळ्यात पैज लागलेली होती, आणि ती मी तिथे जायच्या आधीपासून चालू होती. पैज एक प्लेट मिसळीची. हरेश्वर म्हणायचा, येत नाही. बाकी सगळेही म्हणायचे, येत नाही. आता सगळेच एका बाजूला असले तर पैज लावायची कुणाशी? म्हणून मी आल्या आल्या मला दुसऱ्या बाजूला ढकलून दिलं. मीही म्हटलं, जाऊ दे, मिसळीचाच तर प्रश्न आहे.

तुम्हाला वाटेल, मास्तर म्हणजे कुणीतरी गणिताचे मास्तर असतील. अहो नाही. मास्तर पाणबुडे तयार करायचे. माणसाच्या पाठीला हवेची टाकी बांधायची, कमरेला शिशाचा पट्टा आवळायचा आणि त्याला पाण्याच्या तळाशी कामाला पाठवायचं, हा त्यांचा धंदा. आणि स्वतः मास्तर? पांढरीशुभ्र पँट, पांढराशुभ्र शर्ट, दोन्हीला कडक खळ, इतकी की मास्तर वळले की कपडे वाजायचे. पाण्यापासून मोजून दहा पावलांवर लोखंडी स्टूल टाकून बसायचे. डोक्यावर काळी छत्री, उजव्या कानात कापूस. कुणाच्या पायाने चुकून शिंतोडा उडालाच, तर आधी खिशातला कोरडा रुमाल काढून चष्मा पुसायचे, मग शिव्या घालायचे. हा क्रम कधी चुकला नाही.

गोदीत पंचवीस वर्षं पाणबुड्या होतो, असं ते सांगायचे. हरेश्वरकडे वेगळी बातमी होती. "पाणबुड्या कसला गो! स्टोअरकीपर होता. पाणबुडे वर आले की टॉवेल द्यायचा त्यांना," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. हरेश्वर मनोरीचा कोळी, आमच्यातला सगळ्यात जुना माणूस, दोन पोरांचा बाप. पाण्यात एक शब्द नाही आणि जमिनीवर नुसता रेडिओ. मास्तरांवर त्याचा जीव होता, पण पैज म्हणजे पैज.

गाळा अंधेरी पूर्वेला. एका बाजूला बिस्किटांचे पत्र्याचे डबे बनायचे, दुसऱ्या बाजूला झिपा. मधे आम्ही. आत सिमेंटची खोल टाकी, तिच्यात शिकायचं आणि मग बाहेर कामाला जायचं: जेट्टीचे खांब तपास, बोटीच्या पंख्यात अडकलेलं जाळं काप, असली कामं. बाहेर पाटी नव्हती. "ज्याका व्हया तो विचारीत येतलो," मास्तर म्हणायचे. ते पक्के मालवणी आणि आमचं घराणंही मूळचं त्याच बाजूचं, त्यामुळे माझ्याशी तर मराठी बोलायचे कष्टही त्यांनी कधी घेतले नाहीत.

नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ते एकच प्रश्न विचारायचे. "पाण्यात सगळ्यात म्हत्त्वाची वस्तू कोणती?" सगळे म्हणायचे, हवेची टाकी. "चूक." मग, तोंडावरचा मास्क. "चूक." पायातली वल्ही. "घरी जा." मी घाबरून म्हटलं होतं, धीर. तर म्हणाले, "धीर बाजारात मिळता? मी वस्तू विचारलंय." उत्तर होतं जाकीट. हे जाकीट म्हणजे अंगात घालायची रबरी पिशवीच. टाकीतली हवा त्यात सोडली की माणूस वर उचलला जातो, हवा काढली की खाली जातो, आणि बरोब्बर तेवढीच ठेवली तर ना वर ना खाली, जागच्या जागी अधांतरी राहतो. हे अधांतरी राहणं ज्याला जमलं तो पाणबुड्या. बाकीचे, मास्तरांच्या शब्दांत, "पाण्यात पडलेले."

त्या काळी असली जाकिटं दुकानात मिळत नव्हती. घरोघरी रंगीत टीव्ही नुकता येत होता, त्यात ही कसली मिळतायत! कुणी बोटीवरचा माणूस परदेशातून आणायचा, कुणी टाकून दिलेलं द्यायचा. आमच्याकडे अशी पाच होती. भिंतीवर पाच खुंट्या, पाच जाकिटं, आणि पाचांनाही मास्तरांनी नात्यातली नावं दिलेली.

पहिली आत्या. ती नुसती पुढून गळ्यात पडायची, आणि फुगली की हनुवटी वर करून मान आवळायची. दुसरा मामा. याची सगळी हवा पाठीकडे. "पाठीशी उभो ऱ्हवता खरो, पण वर इलास की तोंडार पाडता," मास्तर सांगायचे, आणि ते शंभर टक्के खरं होतं. तिसरे थोरले काका, प्रचंड मोठे, भरायला वेळ, रिकामे व्हायला त्याहून वेळ. चौथा जावई. सिंगापूरहून आलेला, निळाभोर, चकचकीत बकलांचा, बटण दाबलं की फुस्सकन हवा भरणारा. त्याला प्लॅस्टिकचं कव्हर होतं आणि त्याला हात लावायच्या आधी हात धुवावे लागायचे. पाचवी मावशी. लहानखुरी, नारिंगी रंग उडालेला, पोटावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. तिला बटण नव्हतं. एक नळी होती, तिच्यात तोंडाने फुंकायचं. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"मास्तर, कंपनीची नावं सोडून ही कसली नावं?" मी एकदा विचारलं.

"कंपनीचां नाव वाचून स्वभाव कळता काय गो? घरच्या माणसाचो स्वभाव म्हायत असता. जाकीट घेवचां तर स्वभाव बघून."

आणि बघायचं कसं, याचे त्यांचे कायदे होते. उपाशीपोटी जाकीट बघायचं नाही. आधी पोटभर जेवायचं, मग अंगात घालायचं, पट्टे आवळायचे, गच्च फुगवायचं आणि तसंच दहा मिनिटं बसायचं. "भरल्या पोटार श्वास घेवक येता, तां खरां माप." त्यानंतर डोळ्यांवर फडकं. डाव्या हाताने हवा भरायची जागा शोध, उजव्याने सोडायची जागा शोध, आणि हे चालू असताना मास्तर कानाशी येऊन मासळीचे भाव ओरडणार. सुरमई, पापलेट, बांगडा! तुम्ही विचलित झालात की नापास. ज्याची बोटं सात वेळा न चुकता जागेवर गेली, त्याचंच ते जाकीट. सातच का, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

वर येताना आरती म्हणायची, हा आणखी एक कायदा. म्हणजे तोंडातल्या तोंडात गुणगुणायचं. पाण्यातून वर येताना श्वास कोंडून धरला तर छाती फाटू शकते, हे पुस्तकात चार पानं लिहिलेलं असतं. मास्तरांनी चार पानांची आरती केली. गुणगुणणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही, संपला विषय.

पण सगळ्यात मोठा कायदा असा, की जाकीट ज्याचं त्याने निवडायचं. मास्तर बोट दाखवणार नाहीत. तुम्ही चुकत असाल तरी स्टुलावर बसून बघत राहणार. याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. समोर माणूस खड्ड्यात चाललाय आणि हे चष्मा पुसतायत! आणि कौतुक तर विचारूच नका. शाबास हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. फारच खूश झाले तर "बरां" म्हणायचे, तेही दुसरीकडे बघत. हरेश्वरला सहा वर्षांत दोनदा मिळालं होतं आणि दोन्ही वेळा कोणता वार होता ते त्याला पाठ होतं.

मी तिथे गेले कशी? मी बोरिवलीची, कॉलेजात पोहण्याच्या शर्यती जिंकलेली, बी.एस्सी. झालेली आणि घरात बसलेली. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला एक शिकाऊ पाणबुड्या हवा होता. तळाशी जाऊन बाटल्यांत पाण्याचे आणि गाळाचे नमुने भरून आणायचे. जागा एकच. परीक्षा दिवाळीनंतर. मुलींनी अर्ज करू नये असं कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून मी केला.

घरी जे व्हायचं ते झालं. आई गप्प. बाबा तर त्या दिवशी जेवलेच नाहीत. त्यांचा राग मला समजत होता, म्हणूनच जास्त त्रास व्हायचा. माझे आजोबा मालवणच्या समुद्रात होडीसकट गेले, तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी पाण्याकडे पाठ फिरवली ती कायमची. आम्ही लहान असताना गोराईला सहलीला गेलो, तर बाबा धक्क्यावरून पुढे आले नाहीत. फेरीबोट आमच्यासाठी, ते इकडे चहाच्या टपरीवर. "आपल्या माणसांनी गाव सोडलं ते पाण्यातून बाहेर पडायला," ते म्हणाले, "आणि तू परत आत चाललीस?"

शेवटी तह झाला. एक परीक्षा. पास झाले तर ते काही बोलणार नाहीत. नापास झाले तर डी.एड.चा फॉर्म भरायचा, शाळेत नोकरी धरायची आणि पाण्याचं नाव काढायचं नाही. फॉर्म त्यांनी लगेच आणला सुद्धा. त्यांच्या वळणदार अक्षरात पूर्ण भरला, फक्त माझी सही तेवढी बाकी ठेवली, आणि देवाजवळ घडी करून ठेवला. रोज दिवा लावताना तो मला दिसायचा. डी.एड. वाईट नाही हो, माझ्या दोन बहिणी शिक्षिका आहेत. पण मला ते नको होतं. मला खाली जायचं होतं.

परीक्षेला महिना उरला तेव्हा मास्तर म्हणाले, "जाकीट निवड."

मी हात धुतले आणि जावयाचं कव्हर काढलं.

मी जेवून आले होते, घातलं. खांद्यावरून उतरत होतं. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले तरी आत माझी अजून एक बहीण मावली असती. पण मी काय विचार केला सांगू? आमच्या घरात सगळ्या वस्तू वाढत्या अंगाच्या घ्यायच्या, हा रिवाज. शाळेचा गणवेश दोन वर्षं पुढचा, खाली चार बोटं दुमड आणि वर टीप. चपला एक नंबर मोठ्या, पुढे कापूस. लहान वस्तू घेणं म्हणजे नासाडी, मोठी घेणं म्हणजे शहाणपण. तेच डोकं चालवलं. मोठं आहे, नवं आहे, हवा जास्त मावते, म्हणजे चांगलंच असणार. फडक्याच्या परीक्षेत माझी बोटं सातांपैकी चार वेळा चुकली, तरी मी म्हटलं, सवयीने जमेल. मास्तर चष्मा पुसत बसले.

पुढच्या रविवारी आम्ही मुलुंडच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर गेलो. पावसाचं पाणी साचून तिथे चांगला खोल तलाव झाला होता, आणि परीक्षाही तिथेच व्हायची होती. हरेश्वर माझ्याबरोबर खाली आला. वीस फुटांवर गेले, थांबायला बटण दाबलं, फुस्स! सगळी हवा डाव्या खांद्यात गेली आणि मी कलंडले. जाकीट वर सरकलं, कॉलर कानांपर्यंत आली, मागची टाकी एका कुशीवर लटकली. हवा सोडायची जागा शोधते तर ती हलून कुठेतरी काखेत गेलेली. पाण्यात घाबरणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी बुचासारखी वर सुटले. हरेश्वरने पाय धरायचा प्रयत्न केला, त्याच्या हातात माझं एक वल्हं आलं. एवढंच सुचलं, की आरती म्हणायची. मोठ्याने गुणगुणत वर आले, कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळले आणि उताणी पडले. छाती शाबूत राहिली ती त्या आरतीमुळे.

काठावर येऊन मी रडले. लाज वाटली, राग आला, सगळंच. "तुम्हाला माहीत होतं!" मी मास्तरांवर ओरडले. "मोठं होतंय हे दिसत होतं तुम्हाला, मग सांगितलं का नाही?"

"बोटां चार वेळा चुकली. तेणी सांगलां नाय तुका?" मास्तर शांतपणे म्हणाले. "आणि काय गो, तू अजून वाढतंस? मोठां कित्याक घेतलंस?"

"वाढत्या अंगाचं..." माझ्या तोंडून निघून गेलं.

हरेश्वर फुटला. खाणीच्या भिंतींवरून त्याचं हसणं परत आलं. मास्तर हसले नाहीत. स्टुलावरून उठून जवळ आले, पाण्यापासून चार पावलांवर, म्हणजे त्यांच्या हिशोबाने फारच जवळ. म्हणाले, "ऐक चेडवा. शाळेत तू बाईंका फसवशीत, बाजारात शिंप्याक फसवशीत. पाण्याक माप म्हायत असता. पाण्याक आज जेवढां अंग आसा तेवढांच दिसता, उद्याचां नाय. हत्तीची अंबारी कोंबडीर घालूची नाय."

कोंबडी म्हटल्याचा मला इतका राग आला की रडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात गेले, जेवणाचा डबा पूर्ण संपवला आणि सरळ पाचव्या खुंटीपाशी गेले. मावशी काढली. घातली, पट्टे ओढले, नळीत फुंकून गच्च फुगवली, बसले. श्वास येत होता. कुठे आवळत नव्हतं, कुठे लोंबत नव्हतं. डोळ्यांवर फडकं बांधलं. मास्तर कानाशी येऊन ओरडले, सुरमई, पापलेट, मोरी, तिसऱ्या! सातपैकी सात. मी फडकं काढलं तर मास्तर पाठमोरे उभे होते. जावयाला कव्हर घालत होते.

हरेश्वरने मला नंतर बाजूला घेतलं. म्हणाला, "माझ्या आधीपासून आहे ही खुंटीवर. आजपर्यंत कुणालाच झाली नाही. आम्ही सगळे हे असे रेडे, कुणाला होणार? पण दर गुरुवारी बुढ्ढा स्वतः गोड्या पाण्याने धुतो, सावलीत वाळवतो, पावडर लावतो. मी बोललो, मास्तर, कशाला मेहनत? द्या भंगारात. तर काय बोलला माहितीय? येतलां कोणतरी."

मला वाटत होतं, हा माणूस माझं नुकसान मजेत बघत बसलाय. आणि हा तर किती वर्षं माझी वाट बघत होता. घरी जाताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून पुन्हा रडले, पण ते वेगळं रडणं होतं.

निवडलेलं जाकीट आठ दिवस घरी वापरायचं, हा शेवटचा कायदा. मी मावशी घालून बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत केर काढला, भाकऱ्या थापल्या, धुणं धुतलं. शेजारच्या वहिनी मीठ मागायला आल्या त्या मीठ न घेताच परत गेल्या. आई दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तो कमरेचा पट्टा खाली बसताना वळतोय. काढ इकडे." आणि खाटेची जुनी नवार कापून, दुहेरी करून, तिने नवा पट्टा शिवला. दाभणाने, हाताने, घट्ट टाके घालून. "काय नाव म्हणालीस याचं?" तिने विचारलं. मी सांगितलं. "मग बरोबर," आई म्हणाली. "माय मरो आणि मावशी जगो म्हणतात ते काही उगाच नाही. हिला सांग, पोरीला वर आण म्हणून." आईने या प्रकरणात तोंड उघडलं ते पहिल्यांदाच. बाबा पेपर वाचत होते, निदान तसं दाखवत होते.

परीक्षेच्या दिवशी बाबा आले. मी बोलावलं नव्हतं. देवाजवळचा फॉर्म शर्टाच्या खिशात होता, मला पांढरा कोपरा दिसत होता. "उद्या शेवटची तारीख आहे," ते म्हणाले. "सही तिथेच घेईन म्हणतो." खाणीवर ते मास्तरांच्याही मागे, एका बाभळीला टेकून उभे राहिले. मास्तरांनी वळून त्यांना एकदा नीट बघितलं आणि छत्री किंचित त्यांच्या बाजूला सरकवली.

उमेदवार तिघे. दोघे पुरुष, धिप्पाड, चांगली जाकिटं. परीक्षा अशी: वीस फुटांवर एक दोर सोडलेला, त्याला दोन लाल चिंध्या, मधे दोन हातांचं अंतर. त्या अंतरात पाच मिनिटं राहायचं. दोराला हात लावायचा नाही, हातपाय मारायचे नाहीत. आणि तेवढ्यात हवेने भरलेली एक मोठी बाटली उघडून, पाण्याने भरून, झाकण लावायचं. ऐकायला सोपं आहे. रिकामी बाटली तुम्हाला वर ओढते, आणि भरली की तो आधार जातो आणि तुम्ही खाली जाता. संस्थेचे साहेब काठावर घड्याळ घेऊन, त्यांचा एक पाणबुड्या खाली बघायला.

पहिल्याने बाटली भरली, खाली जायला लागला, बटण दाबलं आणि फुस्सकन वर. मला त्याची दया आली, तो प्रवास माझा झालेला होता. दुसरा खाली गेला तो गेलाच, तळाला पाय लावून सगळा गाळ उठवून आला. तिसरी मी. पाणी आता डाळीच्या वरणासारखं झालं होतं.

खाली उतरले. चिंध्या जेमतेम दिसत होत्या, स्वतःचा हात दिसत नव्हता. पण बोटांना सगळं माहीत होतं. टाकीची नळी तोंडातून काढली, मावशीची लावली, एक फुंकर, थांबले. अजून अर्धी फुंकर. थांबले. आणि मग ते झालं. ना वर, ना खाली. आईचा पट्टा कमरेला धरून होता, मावशीने कुठे ओढलं नाही, कुठे ढकललं नाही. पाण्याने मला तोललं आणि माझं वजन शून्य आहे असं सांगितलं. बाटली उघडली, पाणी आत शिरलं, मी दोन बोटं खाली गेले. एक फुंकर. परत जागेवर. झाकण लावलं. उरलेला वेळ मी तिथे नुसती लटकून होते आणि इतकी खूश होते की मास्कच्या आत हसत होते. खालच्या पाणबुड्याला वेळ संपल्याची खूण दोनदा करावी लागली.

आरती म्हणत वर आले. सावकाश, पूर्ण.

साहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांच्या माणसाशी बोलले, मग मास्तरांकडे आले. "जॅकेट कुठल्या कंपनीचं आहे हो?"

"मावशीचां," मास्तर म्हणाले.

"आँ?"

"मावशीचां."

साहेबांनी नाद सोडला. "बरं. एक तारखेपासून पाठवा तिला. जागा तिची."

हरेश्वरने जी आरोळी ठोकली ती मुलुंड स्टेशनापर्यंत गेली असेल. मी बाबांकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघत होते. आणि आमच्या मधे मास्तर उठले. छत्री मिटली, स्टुलावर ठेवली. चपला काढून एकाशेजारी एक लावल्या. मग एका हाताने चष्मा धरला, दुसऱ्या हाताचं बोट उजव्या कानात घातलं, आणि कडक खळीच्या पांढऱ्या कपड्यांसकट, दहा पावलं धावत येऊन, खाणीत उडी मारली.

एक सेकंद कुणी हललं नाही. पैज! मला आधी तेच आठवलं, आणि मग, हरेश्वरचं खरं असलं तर?

पण बाबा धावले. माझे बाबा! बाभळीपासून सुटले ते ओरडत आले, "अहो धरा, म्हातारा बुडाला, धरा त्यांना!" आणि बूटमोज्यांसकट गुडघाभर पाण्यात शिरले. हात पुढे केलेला. आयुष्यात पहिल्यांदा ते पाण्याच्या दिशेने धावले होते.

मास्तर वर आले. उताणे, लांबच लांब, पाय सरळ, कानात बोट तसंच. कुठलंही जाकीट नाही, काही नाही. खाटेवर निजावं तसे पाण्यावर पडून राहिले, आणि मी सांगते, एक बोटभर सुद्धा खालीवर झाले नाहीत. कापूस कशासाठी असायचा ते मला तेव्हा समजलं. तो कान गोदीत, खोल पाण्यात कधीचाच फुटला होता, आणि डॉक्टरने पाण्यात डोकं घालायचं नाही म्हणून बजावलं होतं, हे मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, मला नंतर सांगितलं.

"बघतंस काय गो?" ते आभाळाकडे बघत म्हणाले. "माझां माप पाण्याक म्हायत आसा." मग थोड्या वेळाने, "आणि हरेश्वरा, चेडवाक मिसळ दी." पैजेचं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं तर!

हरेश्वरने आणि बाबांनी मिळून त्यांना काठावर घेतलं. खळ उतरलेला शर्ट अंगाला चिकटला होता. खिशातून रुमाल काढला, तो पिळण्याइतका ओला. चष्म्यातून काही दिसेना. "कोणाकडे कोरडां काय आसा काय रे?" त्यांनी विचारलं. मी आणि हरेश्वर ओले, साहेब आणि बाकीचे उडीआधीच निघून गेलेले.

बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला. चार घड्यांचा फॉर्म बाहेर काढला. जरा वेळ नुसता हातात धरला, माझ्याकडे बघितलं. त्यांच्या पँटमधून पाणी गळत होतं. मग त्यांनी तो मास्तरांपुढे केला.

"घ्या मास्तर. पुसा."

मास्तरांनी दोन्ही काचा नीट पुसल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला, बाबांना आपादमस्तक न्याहाळलं, त्यांच्या ओल्या बुटांपर्यंत, आणि मग हातातल्या लगद्याकडे बघितलं.

"कागद बरो आसा," ते म्हणाले. "पाणी मस्त पिता."